एका पावलाचं वचन: परमच्या पोटातल्या प्रोसेसरांचा इतिहास



मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा नावाचं गाव आहे. डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ साली या गावातला. नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून बी.ई., बडोद्याहून एम.ई., १९७२ साली दिल्ली आयआयटीतून पीएच.डी., आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं तेव्हा तिथले पहिले कार्यकारी संचालक. १९९१ साली परम ८००० तयार झाला. आपल्या वऱ्हाडात शाळेच्या गॅदरिंगपासून स्पर्धा परीक्षेच्या क्लासपर्यंत ही गोष्ट ऐकायला मिळते: अमेरिकेनं मोठा क्रे संगणक द्यायला नकार दिला, मग आपण आपला बनवला.

गोष्ट खरी आहे, अभिमानाचीही आहे. पण ती नेहमी मशीनच्या बाहेरून सांगितली जाते. किती नोड, किती गिगाफ्लॉप, जगात कितवा नंबर. संशोधनाच्या वाटेवर निघालेल्या तुमच्यासारख्यांना मला तिचा आतला भाग सांगायचा आहे. परमच्या प्रत्येक पिढीत वेगळा प्रोसेसर होता, आणि त्या प्रत्येक प्रोसेसरनं एका जुन्या प्रश्नाचं वेगळं उत्तर दिलं. प्रश्न असा: दोन जण एकाच वेळी एकाच जागी लिहायला आले तर काय करायचं?

हा प्रश्न साधा वाटतो. पण लॉक न वापरता अनेक थ्रेड चालवायचे असतील तर सगळी इमारत या एका उत्तरावर उभी राहते. आणि ते उत्तर प्रोग्रामर देऊ शकत नाही. ते प्रोसेसरनं द्यावं लागतं.

फळ्यावरचा ४१

कापूस खरेदी केंद्रावर एक फळा आहे असं समजा. त्यावर शेवटचा दिलेला नंबर लिहिलाय: ४१. नवीन गाडीवाला येतो, ४१ वाचतो, मनात ४२ म्हणतो, जुना आकडा पुसतो आणि ४२ लिहितो. तीन पावलं झाली: वाचणं, वाढवणं, लिहिणं. आता दोन गाडीवाले एकदमच आले. दोघांनीही ४१ वाचला, दोघांनीही ४२ लिहिला. गाड्या दोन, नंबर एक. एक नोंद गेली, आणि गेली हे कोणाला कळलंही नाही.

सी भाषेत तुम्ही गणकात एक मिळवणारी साधी ओळ लिहिता, तेव्हा प्रोसेसर हीच तीन पावलं टाकतो. एकच थ्रेड असेल तर चिंता नाही. दोन थ्रेड दोन कोअरवर चालत असतील तर नोंदी हरवतात. प्रोग्राम बंद पडत नाही, एरर येत नाही, फक्त उत्तर चुकतं. तेही दर वेळी चुकत नाही. हजारदा बरोबर येतं आणि हजार एकाव्यांदा चुकतं. म्हणून टेस्टिंगवर भिस्त ठेवून इथं भागत नाही.

टोकन आणि त्याची किंमत

पहिला उपाय आपल्या मूर्तिजापूर जंक्शनवरून समजून घेता येतो. मुंबई-नागपूर मोठ्या लाइनवरच्या या स्टेशनातून यवतमाळकडे आणि अचलपूरकडे शकुंतलेचे नॅरोगेज फाटे फुटत. एकेरी रुळावर एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हा रेल्वेचा मूळ नियम. तो पाळायची जुनी पद्धत म्हणजे टोकन. ड्रायव्हरच्या हाती टोकन असेल तरच गाडी पुढच्या टप्प्यात जाणार. टोकन एकच, त्यामुळे टक्कर नाही.

प्रोग्रामिंगमधला लॉक म्हणजे हेच टोकन. ज्याच्याकडे लॉक तो फळ्याजवळ जाणार, बाकीचे थांबणार. पद्धत सुरक्षित आहे. पण टोकनवाला ड्रायव्हर टोकन खिशात घालून चहाला गेला तर? रूळ रिकामा आहे, मागे चार गाड्या उभ्या आहेत, आणि कोणीच हलू शकत नाही. संगणकात हे रोज घडतं. लॉक धरलेल्या थ्रेडला ऑपरेटिंग सिस्टिमनं मध्येच बाजूला काढलं, तर तो परत येईपर्यंत बाकी सगळे खोळंबतात. तो थ्रेड मेला तर खोळंबा कायमचा.

लॉक-फ्री पद्धत म्हणते, टोकनच नको. कोणीही कधीही मध्येच थांबला तरी बाकीच्यांपैकी निदान एकाचं काम पुढं सरकलं पाहिजे. याहून कडक अट वेट-फ्री पद्धतीची: प्रत्येकाचं काम ठरावीक पावलांत संपलंच पाहिजे, दुसरे काहीही करोत.

काहून बाप्पा, टोकन नसेल तर टक्कर होणार नाही का? होईल. म्हणून प्रोसेसरकडून एक वचन घ्यावं लागतं: ठरावीक दोन-तीन पावलं मी एकाच पावलासारखी टाकीन, मध्ये कोणालाही हात घालू देणार नाही. अशा सूचनेला ॲटॉमिक सूचना म्हणतात. आपला पुढचा सगळा इतिहास या वचनाचा आहे.

१९९१ पर्यंत कोणी काय वचन दिलं

१९६५ साली एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी एक छोटा लेख लिहिला. फक्त साधं वाचन आणि साधं लेखन वापरून अनेक संगणकांना आळीपाळीनं नाजूक भागात कसं सोडायचं, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे लॉक बनवायला खास सूचना लागतेच असं नाही. पण हे काम किचकट आहे, आणि हाती येतो तो लॉकच.

त्याच सुमारास आयबीएमच्या सिस्टिम/३६० मध्ये टेस्ट-अँड-सेट नावाची सूचना होती. जागेत काय आहे ते पाहा आणि तिथं खूण करून टाका, दोन्ही एका पावलात. लॉक बनवायला ही सूचना मस्त. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिस्टिम/३७० मध्ये तिची मोठी बहीण आली: कम्पेअर-अँड-स्वॅप, थोडक्यात कॅस. फळ्याच्या भाषेत तिचा अर्थ असा: फळ्यावर अजून ४१च असेल तर ४२ लिही, नसेल तर काही लिहू नको आणि मला तसं सांग. सांगितलं की मी पुन्हा नवा आकडा वाचणार आणि पुन्हा प्रयत्न करणार.

यात कोणीही टोकन धरून बसत नाही. माझा प्रयत्न फसला याचा अर्थच दुसऱ्या कोणाचा तरी यशस्वी झाला. काम पुढं सरकलं, फक्त ते माझं नव्हतं. लॉक-फ्रीचा सगळा जीव या एका वाक्यात आहे.

१९८६ साली आयबीएममधल्याच आर. के. ट्रायबर यांनी कॅसवर चालणारा स्टॅक मांडला, तो आजही पहिलं उदाहरण म्हणून शिकवला जातो. १९८७ साली लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या एस-१ प्रकल्पातून एक निराळीच जोडी पुढं आली, लोड-लिंक्ड आणि स्टोअर-कंडिशनल. तिच्याकडे आपण येऊच.

मग जानेवारी १९९१. मॉरिस हर्लिही यांचा वेट-फ्री सिंक्रोनायझेशनवरचा शोधनिबंध छापून आला. तोपर्यंत लोकांना वाटे की ॲटॉमिक सूचना थोड्याफार फरकानं सारख्याच, कोणी सोयीची, कोणी कमी सोयीची. हर्लिहींनी त्यांची उतरंड लावून दाखवली. किती थ्रेड एकमेकांची वाट न पाहता एका निर्णयावर एकमत करू शकतात, हे त्यांचं माप. नुसतं वाचन आणि लेखन असेल तर उत्तर १, म्हणजे दोघांचंही एकमत होत नाही. टेस्ट-अँड-सेट, स्वॅप, फेच-अँड-ॲड यांचं उत्तर २. कॅसचं उत्तर अनंत. यातला २ हा आकडा म्हणजे वेग नव्हे. त्या सूचनांच्या जोरावर तिसऱ्याला सामावून घेणारा एकमताचा वेट-फ्री प्रोग्राम लिहिताच येत नाही, कितीही हुशार माणूस असला तरी. ही सिद्ध झालेली गोष्ट आहे.

आणि याच १९९१ सालचा परम ८०००.

परम ८०००: प्रश्नच उद्भवू दिला नाही

परम ८००० मध्ये ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर बसवले होते, टी८०० घराण्यातले. १९८७ चा हा प्रोसेसर आपल्या नेहमीच्या कल्पनेपेक्षा वेगळा होता. एकाच चिपवर गणिती युनिट, ४ किलोबाइट मेमरी, आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार लिंक. प्रत्येकाची मेमरी स्वतःची. सामाईक फळा असा नव्हताच.

यामागे एक विचार होता. टोनी होअर यांनी १९७८ साली मांडलं होतं की प्रक्रिया एकमेकींच्या मेमरीत हात घालणार नाहीत, फक्त वाहिन्यांतून निरोप पाठवतील. ट्रान्सप्युटर आणि त्याची ऑकॅम भाषा यांचा पाया हाच. निरोप पाठवणं आणि घेणं, दोन्हीकडची माणसं तयार होईपर्यंत थांबणं, हे सगळं चिपच्याच सूचनांमध्ये होतं.

म्हणून परम ८००० वर दोन नोड एका जागी लिहिताहेत हा प्रश्नच उद्भवत नाही. कॅस नाही आणि त्याची गरजही नाही. हर्लिहींच्या उतरंडीत परमला कुठं बसवायचं असं कोणी विचारलं, तर उत्तर येईल की तो त्या शिडीवर चढलाच नाही, शेजारच्या वाटेनं गेला. मोठी गणितं, हवामानाचे अंदाज, द्रवगतिकी अशा कामांत डेटाचे तुकडे करून वाटता येतात, तिथं ही वाट चांगली चालते.

तुम्ही संशोधन निवडताना हे लक्षात ठेवा. एखादा प्रश्न सोडवणं हा एक मार्ग, आणि तो उद्भवणारच नाही अशी रचना करणं हा दुसरा. दुसऱ्या मार्गाला कमी लेखू नका.

परम ९०००: नाव एक, उत्तरं तीन

पण ट्रान्सप्युटरचा वेग मागे पडत गेला. बाजारातले वर्कस्टेशनचे प्रोसेसर लय पुढं गेले. १९९४ साली परम ९००० आला तेव्हा सी-डॅकनं रचना अशी ठेवली की आत वेगवेगळे प्रोसेसर बसवता यावेत. म्हणून या घराण्यात सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क आणि डेकचा अल्फा अशी तीन रूपं झाली.

बाहेरून पाहणाऱ्याला हा वेगाचा फरक. आता आपण आपला प्रश्न विचारू.

सुपरस्पार्क हा स्पार्कच्या आठव्या आवृत्तीचा प्रोसेसर. त्यात ॲटॉमिक सूचना दोनच प्रकारच्या: एका बाइटला खूण करणारी, टेस्ट-अँड-सेटसारखी, आणि स्वॅप. म्हणजे हर्लिहींच्या मापात २. त्याच्यावर लॉक उत्तम बनतो. पण कॅस गृहीत धरून लिहिलेला लॉक-फ्री प्रोग्राम त्याच्यावर जसाच्या तसा चालवता येत नाही. आत लपवून लॉक वापरावाच लागतो, आणि मग चहाला गेलेल्या ड्रायव्हरचा प्रश्न परत येतो.

अल्ट्रास्पार्क ही नववी आवृत्ती. इथं स्पार्कनं कॅस दिला, ३२ बिटांचाही आणि ६४ बिटांचाही. एका आवृत्तीच्या फरकानं उत्तर २ वरून अनंतावर गेलं.

अल्फाचं तिसरंच. त्याच्याकडे कॅस नाही, लोड-लिंक्ड आणि स्टोअर-कंडिशनलची जोडी आहे. फळ्याच्या भाषेत: मी ४१ वाचतो आणि पहारेकऱ्याला सांगतो की या फळ्यावर लक्ष ठेव. मग मी लिहायला जातो. मधल्या वेळात कोणी फळ्याला हात लावला असेल तर पहारेकरी मला लिहू देत नाही. आकडा काय आहे हे तो पाहतच नाही, हात लागला का एवढंच पाहतो. हर्लिहींच्या मापात हीसुद्धा कॅसच्याच पंगतीत बसते.

तर एकाच परम ९००० नावाखाली तीन वेगळी वचनं. मशीनचं नाव सांगून प्रोग्राम बरोबर आहे की नाही हे सांगता येत नाही. सूचनासंच सांगावा लागतो.

आकडा तोच, पण फळा तोच का?

१९९८ साली परम १०००० आला. त्याचा नोड म्हणजे सनचा सर्व्हर, प्रत्येकात ४०० मेगाहर्ट्झचे दोन अल्ट्रास्पार्क-२. नोड-नोडांमध्ये अजून निरोपाचाच व्यवहार. पण एका नोडच्या आत आता दोन प्रोसेसर आणि एक सामाईक मेमरी. परम ८००० नं टाळलेला प्रश्न घरात शिरला.

अल्ट्रास्पार्ककडे कॅस होता, मग अडचण कसली? अडचण कॅसच्याच स्वभावात आहे. तो फक्त किंमत पाहतो. फळ्यावर ४१ होता, कोणी ४२ केला, मग परत ४१ केला, तर कॅसला वाटतं काही झालंच नाही. आकड्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा चालून जातं. पत्त्यांच्या बाबतीत जीवावर बेतू शकतं.

ट्रायबरचा स्टॅक घ्या. वरून खाली अ, ब, क. पहिला थ्रेड वरचा पत्ता वाचतो: अ, आणि त्याच्याखाली ब. मनात ठरवतो की अ काढून ब ला वर आणायचं. एवढ्यात त्याला बाजूला काढलं जातं. दुसरा थ्रेड येतो, अ काढतो, ब काढतो, ब ची मेमरी परत करतो, आणि अ पुन्हा वर ठेवतो. आता स्टॅक अ, क. पहिला थ्रेड जागा होतो आणि कॅस करतो: वर अजून अ आहे का? आहे. मग ब ला वर आण. झालं. परत केलेल्या मेमरीचा पत्ता स्टॅकच्या डोक्यावर बसला. याला एबीए समस्या म्हणतात.

जुना उपाय म्हणजे पत्त्याशेजारी एक गणक ठेवायचा, प्रत्येक बदलाला तो वाढवायचा, आणि दोन्ही मिळून एकदम कॅस करायचा. त्यासाठी दुप्पट रुंदीचा कॅस लागतो. सिस्टिम/३७० मध्ये तो होता. इंटेलनं १९९३ च्या पेंटियममध्ये ८ बाइटांचा दिला. अल्ट्रास्पार्कवर ३२-बिट प्रोग्राम असेल तर पत्ता ३२ आणि गणक ३२, मिळून ६४ बिटांच्या कॅसमध्ये नीट बसतात. पत्ताच ६४ बिटांचा झाला की गणकाला पूर्ण जागा उरत नाही. एका सूचनेची रुंदी किती, यावर कोणता अल्गोरिदम सुरक्षित हे ठरतं, ते असं.

अल्फासारख्या जोडीच्या पद्धतीत ही समस्या मुळातच येत नाही, कारण पहारेकरी आकडा पाहत नाही. पण त्याची किंमत वेगळी आहे. ती पाहायला परम पद्मकडे जाऊ.

परम पद्म: पहारेकऱ्याची नजर आणि निरोपांचा क्रम

२००३ साली परम पद्म जगातल्या पहिल्या ५०० च्या यादीत १७१ व्या क्रमांकावर आला. शिखर वेग १ टेराफ्लॉप, आत आयबीएमचे २४८ पॉवर४ प्रोसेसर. बहुतेक नोड चार-चार प्रोसेसरांचे, आणि एक मोठा नोड ३२ प्रोसेसरांचा. म्हणजे एका मेमरीभोवती ३२ जण.

पॉवर घराण्याची पद्धत पहारेकऱ्याची. वाचताना राखीव खूण करायची, लिहिताना ती खूण टिकली असेल तरच लिहायचं. आता किंमत ऐका. पहारेकरी एकट्या फळ्यावर नजर ठेवत नाही, अख्ख्या भिंतीवर ठेवतो. पॉवर४ मध्ये ती भिंत म्हणजे १२८ बाइटांची कॅश लाइन. तुमच्या गणकाशेजारी, त्याच १२८ बाइटांत, दुसऱ्या कोणाचा काहीच संबंध नसलेला डेटा असेल आणि त्यानं तिथं लिहिलं, तरी तुमची खूण जाते. प्रोग्राम चुकत नाही, पण पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसतो. म्हणून जास्त वापरातले गणक एकमेकांपासून दूर ठेवायचे असतात.

दुसरी गोष्ट याहून नाजूक, ती म्हणजे क्रम. एक थ्रेड आधी डेटा लिहितो आणि मग झेंडा वर करतो. दुसरा झेंडा पाहतो आणि डेटा वाचतो. सोलारिस चालवणाऱ्या अल्ट्रास्पार्कवर एका प्रोसेसरची लेखनं इतरांना त्याच क्रमानं दिसतात. पॉवरवर तशी हमी नाही. झेंडा आधी दिसू शकतो, डेटा मागून. तिथं मध्ये बॅरिअर सूचना घालावी लागते. परम १०००० वर वर्षभर बिनचूक चाललेली असली अदलाबदल परम पद्मवर चुकू शकते, आणि प्रोग्रामची एक ओळही बदललेली नसेल. प्रोग्राम तोच असला तरी वचन बदललेलं असतं.

तुम्ही म्हणाल, सुपरकॉम्प्युटरवर लोक एमपीआय वापरतात, निरोप पाठवतात, त्यांना याचं काय? इथंच इतिहास गमतीदार वळण घेतो. दोन प्रक्रिया एकाच नोडवर असतील तर एमपीआय त्यांचा निरोप नेटवर्कवरून फिरवत नाही, सामाईक मेमरीतल्या रांगेत टाकतो. २००६ साली अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेनं नेमेसिस नावाची व्यवस्था मांडली, तिच्यातल्या या रांगा लॉक-फ्री आहेत, स्वॅप आणि कॅसवर चालणाऱ्या. म्हणजे निरोपाची वाट, जी परम ८००० मध्ये चिपच्या तारेतून जात होती, ती आता ॲटॉमिक सूचनेवरून जाते. टाळलेला प्रश्न शेवटी निरोपाच्याच पोटात येऊन बसला.

लॉक-फ्री म्हणजे आत लॉक नाही असं नाही

पुढं २००८ चा परम युवा इंटेल झिऑनवर आला. इंटेलमध्ये कॅस १९८९ च्या ८०४८६ पासून आहे. अनेक प्रोसेसरांत ती ॲटॉमिक व्हावी म्हणून सूचनेच्या आधी जो उपसर्ग लावतात त्याचं नाव काय? लॉक! लॉक-फ्री प्रोग्रामच्या मुळाशी लॉक नावाचा उपसर्ग. यात विसंगती नाही. कुठंतरी कोणीतरी क्षणभर दार धरावंच लागतं. फरक दोन गोष्टींचा. ते दार हार्डवेअर धरतं, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम त्याला मध्येच उठवून नेऊ शकत नाही. आणि ते फार थोडा वेळ धरलं जातं. जुन्या काळी त्यासाठी सगळी बस थांबवली जायची. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून नेहमीच्या वेळी फक्त ती कॅश लाइन धरून ठेवली जाते: प्रोसेसर आधी त्या लाइनचा एकमेव मालक होतो, वाचन-तुलना-लेखन उरकतो, मग दुसऱ्यांना देतो.

यातून एक गैरसमजही दूर होतो. लॉक-फ्री म्हणजे नेहमी जलद असं मुळीच नाही. पन्नास कोअर एकाच गणकावर कॅस करत असतील तर ती कॅश लाइन पन्नास जणांत नुसती फिरत राहते. लॉक-फ्रीचं वचन प्रगतीचं आहे, वेगाचं नाही. शोधनिबंध वाचताना हे दोन शब्द वेगळे ठेवा, निम्मा गोंधळ तिथंच संपतो.

वेगा आणि एक अक्षर

आता आजच्या काळात या. सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्रानं वेगा नावाचे प्रोसेसर स्वतः रचले आहेत. ते रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचावर आधारलेले. रिस्क-फाइव्हची गंमत अशी की प्रोसेसरनं कोणकोणती वचनं दिली ते त्याच्या नावातल्या अक्षरांवरून कळतं. आय म्हणजे मूळ सूचना, एम म्हणजे गुणाकार-भागाकार, ए म्हणजे ॲटॉमिक.

एरीज बोर्डवर मिळणारी तेजस३२ चिप घ्या. तिच्यातला वेगा ईटी१०३१ हा आरव्ही३२-आय-एम आहे. ए नाही. एकच कोअर, छोटी कामं, त्यामुळे तिथं ते शोभतं. वेगाच्या ६४-बिट एएस१०६१ मध्ये ए आहे. म्हणजे पहारेकऱ्याची जोडीही आहे, आणि एका पावलात मिळवणं, अदलाबदल करणं अशा सूचनाही. एकाच घराण्यात एका अक्षराचा फरक, आणि तुमचा लॉक-फ्री स्टॅक एकावर सरळ उतरतो, दुसऱ्यावर नाही.

रिस्क-फाइव्हनं आणखी एक चांगलं केलं. पहारेकऱ्याच्या पद्धतीत जुनी धास्ती ही की कोणालाच कधी यश मिळालं नाही तर? रिस्क-फाइव्हच्या दस्तऐवजात अट लिहून दिली आहे: वाचन ते लेखन हा फेरा १६ साध्या सूचनांच्या आत असेल आणि बाकी नियम पाळले असतील, तर कधी ना कधी यश मिळेलच. तोंडी समजुतीवर चालणारं वचन लेखी झालं.

तुमच्या कामासाठी

परमची गोष्ट अशी आतून वाचली की मला तिच्यात एकच धागा दिसतो. ट्रान्सप्युटरनं सामाईक मेमरी नाकारली, सुपरस्पार्कनं दोघांपुरतं वचन दिलं, अल्ट्रास्पार्कनं सगळ्यांसाठी दिलं पण आकड्याच्या बळावर, अल्फा आणि पॉवरनं पहारेकरी दिला पण क्रमाची हमी तुमच्यावर सोडली. यातलं कोणतंच चूक नाही. प्रत्येक वेळी कष्टाचा काही भाग हार्डवेअरनं उचलला आणि काही प्रोग्रामरच्या डोक्यावर ठेवला. वाटणी कशी झाली हे न पाहता लिहिलेला प्रोग्राम नशिबावर चालतो.

म्हणून पेट द्या, नेट द्या, मुलाखतीला जा, पण हा विषय निवडणार असाल तर तीन सवयी आत्तापासून लावा. पहिली: लॉक-फ्री अल्गोरिदमचा कोणताही निबंध वाचताना त्याचं गृहीतक पहिल्यांदा शोधा. कॅस मागितलाय की दुप्पट रुंदीचा कॅस? क्रमाची कोणती हमी धरलीय? दुसरी: स्वतःच्या प्रयोगात प्रोसेसरचं नुसतं नाव लिहू नका, सूचनासंच, आवृत्ती आणि कोणती ॲटॉमिक सूचना वापरली ते लिहा. एका मशीनवर मिळालेला निकाल दुसऱ्यावर लागू होईलच असं समजू नका. तिसरी: निर्मात्याचं मॅन्युअल उघडा. जाड असतं, कंटाळवाणं असतं, पण वचन तिथंच लिहिलेलं असतं, ब्लॉगमध्ये नाही. माझ्या ब्लॉगमध्येसुद्धा नाही.

सुरुवात सोपी ठेवा. तुमच्या लॅपटॉपवर दोन थ्रेड घ्या, एक साधा गणक घ्या, प्रत्येकाला दहा लाख वेळा एक मिळवायला लावा. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून चालवा, उत्तर वीस लाख येतं का पाहा. मग तोच गणक ॲटॉमिक करा आणि कम्पायलरनं कोणती सूचना काढली ते असेम्ब्लीत शोधा. ती एक ओळ सापडली की या सगळ्या इतिहासाचं टोक तुमच्या हातात आलं.

पुढच्या लेखात एबीए समस्येवरचा दुसरा उपाय पाहू: मॅगेड मायकेल यांचे हॅझर्ड पॉइंटर, ज्यात रुंद कॅस लागतच नाही. तोवर गणकाचा प्रयोग करून ठेवा.